डालीखालचं अंडं

१

गुरुवारी सकाळी साखराबाईच्या उंबऱ्यावर एक अंडं सापडलं. नुसतं अंडं असतं तर साखराबाईनं ते उचलून चुलीकडं नेलं असतं आणि विषय तिथंच मिटला असता. पण याला हळद-कुंकू माखलेलं होतं, शेजारी कापलेलं लिंबू होतं, आणि खाली हिरव्या लुगड्याची टीचभर चिंधी. चिंचडोहच्या त्या गल्लीत हिरवं लुगडं नेसणारी बाई एकच, शेवटच्या घरातली तुळजाबाई. मग काय विचारता. दुपारची भाकरी व्हायच्या आत गावानं निकाल लावून टाकला होता.

शनिवारी विशाखा सोनकांबळे गल्लीच्या तोंडाशी स्कूटी लावून उतरली, तेव्हा अंडं तिथंच होतं. त्याला शिवायची कुणाची छाती झाली नव्हती. कोंबड्या झाकायची बांबूची डाल त्याच्यावर पालथी घातली होती, आणि साखराबाईच्या घरची माणसं दोन दिवस परसदारानं ये-जा करत होती.

विशाखा जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. गाव तिला डाक्टरीणबाई म्हणे. मी डॉक्टर नाही, असं ती दर वेळी सांगे. गाव मान डोलवी आणि पुन्हा डाक्टरीणबाईच म्हणे. आज तिला बोलावलं होतं ग्रामपंचायतीच्या रामलिंगनं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं फक्त सही करावी.

"दीड महिना झाला, या गल्लीतल्या कोंबड्या पिचकी अंडी द्यायल्यात," तो म्हणाला. "कवचच न्हाई. तुम्ही कोंबड्या तपासा आन् रोग न्हाई एवढं लिहून द्या. बाकीचं आमचं आम्ही बगतो."

"बाकीचं म्हणजे काय?"

"उद्या सकाळी पारावर बैठक हाय. तुळजाबाईनं आपल्या बहिणीकडं देगलूरला जावं, कायमचं. गाडी मी करून देतो. मारहाण न्हाई, काय न्हाई. आपलं गाव शांत हाय."

रोग नाही असं विशाखानं लिहून दिलं की त्याचा अर्थ गावापुरता ठरलेला होता. रोग नाही, म्हणजे भानामती. एका म्हातारीला घराबाहेर काढायला तिचाच शिक्का लागणार होता.

"पोलिसांना कळवलं तर?" तिनं विचारलं.

"कळवा की. पोलिस एक दिस येतील. बाई बाकीचे दिस कुणात राहील?"

त्याचं हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्त राग आला. ती पुढं झाली, डाल उचलली आणि उघड्या हातानं अंडं उचललं. मागं उभ्या असलेल्या बाया दोन पावलं सरकल्या. अंडं हाताला टणक लागलं. तिनं नखानं टिचकी मारली. कवच चांगलं जाड होतं.

"बगा, टणक हाय," गर्दीतून आवाज आला. "आता या गल्लीत टणक अंडं फकस्त तुळजाबाईच्याच कोंबड्या देत्यात."

२

साखराबाईनं विशाखासाठी बाहेरच ओट्यावर पोतं अंथरलं. घरात या असं काही म्हणाली नाही. ओट्यावरची ही जागा विशाखाच्या ओळखीची होती, तिच्या वडलांच्याही ओळखीची. धम्मानंद गुरुजी नांदेडकडच्या शाळांत तीस वर्षं शिकवत होते, आणि असल्या ओट्यांवर बसूनच त्यांनी लेकीला एक सांगितलं होतं की रागावायचं असेल तर काम झाल्यावर रागव. विशाखा पोत्यावर बसली.

साखराबाईनं परात पुढं केली. परातीत सात अंडी होती. एक काकडीसारखं लांबुळकं, एक कंबरेत आवळल्यासारखं, एकावर वळ्या उठलेल्या. बाकीची चार म्हणजे नुसत्या पातळ कातडीच्या पिशव्या, बोट लावलं की दबणाऱ्या.

"चाळीस वर्सं कोंबड्या पाळून राहिले मी," साखराबाई म्हणाली. "असं कधी बगितलं न्हाई. कवच न्हाई म्हंजे पोटातलं पोटातच राहिना, असंच की. मव्ह्या घरातबी तेच चाललंय."

तिची नजर दाराकडं गेली. दारात पाण्याचा तांब्या घेऊन सून उभी होती. वर्षाराणी, वीस-बावीस वर्षांची, माहेर मुरुडचं. नवरा व्यंकटी लातूरला कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी येई.

"दोनदा पोट पडलं हिचं," साखराबाई सुनेसमोरच म्हणाली. "आधी मला वाटलं, हिचाच पाय पांढरा. होळी झाली की माहेरी नेऊन सोडणार होते. पर आता कळलं, हे कुणाचं हाय ते."

वर्षाराणीनं तांब्या ओट्यावर ठेवला. पाणी थोडं सांडलं. विशाखानं तिच्याकडं पाहिलं, तर ती पोरगी सांडलेल्या पाण्याकडं बघत होती.

"तुमच्या सगळ्या कोंबड्या बघायच्या मला. अंड्यांवर बसलेली खुडूक असेल तर तीही."

खुडूक कोंबडी माजघराच्या कोपऱ्यात टोपलीत बसली होती. आता विशाखाला आत घेण्यावाचून इलाज नव्हता. "मागच्याच्या मागच्या बुधवारी बसवली," साखराबाई सांगू लागली. "घरची अंडी असली, म्हणून हिच्या म्हायेराहून आणली. अंडी जोडीनं बसवत न्हाईत. वरचं एक सुटं पायजेच, तवाच सगळी फुटत्यात."

विशाखानं कोंबडी अलगद उचलली. तिचे डोळे, नाक, पंखाखालची कातडी पाहिली. घशात घरघर नव्हती, नाक कोरडं होतं. खाली तुसावर अंडी दोन ओळींत होती, सहा इकडं, सहा तिकडं. नवं घातलेलं अंडं त्यात मिसळलं तर ओळखू यावं म्हणून प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली होती. तिनं कोंबडी परत बसवली आणि बाहेर आली.

"रोग हाय का?" साखराबाईनं विचारलं.

"नाही," विशाखा म्हणाली, आणि तो शब्द गल्लीभर पसरायला तिनं स्कूटीपर्यंत पोचायचीही गरज पडली नाही.

३

गल्लीच्या तोंडाशी श्रीमंत अंडीवाला मोटारसायकलला ट्रे बांधत होता. तो आठवड्यातून दोनदा गावरान अंडी गोळा करून जळकोटला विकायचा. तुळजाबाई मात्र त्याला अंडी देत नसे, बाजारात स्वतः नेई. त्यामुळं त्याचा तिच्यावर दात होता, हे गावाला ठाऊक होतं.

"तुम्ही कोंबड्यांना काही खाद्य, पावडर आणून दिली का?" विशाखानं सरळच विचारलं.

"काय बाई, तुम्ही मलाच धरता व्हय. मव्हं नुसकान झालंय." श्रीमंत दुखावला. "दुसऱ्या गल्ल्यांतली अंडी अजून चोख हायेत. हितलीच बिघडली. आन् एकदम न्हाई बिघडली."

"मग कशी?"

त्यानं बोटांवर मोजलं. "आधी आठ-दहा दिस वेडीवाकडी. लांबुळकी, वळ्यांची. मग ते थांबलं. तुरळक एखादं यायचं. मग कवच पातळ व्हायला लागलं, पिशवीत फुटायची. आन् आता पंधरा दिस झाले, नुसती कातडी."

विशाखानं वही काढून हे तसंच्या तसं लिहून घेतलं. करणी करणारी बाई एवढी शिस्तीनं, पायरीपायरीनं कशाला करील, असा विचार तिच्या मनात आला.

"ती वेडीवाकडी अंडी सुरू झाली तेव्हा गल्लीत काय चाललं होतं?"

"हे की." श्रीमंतनं पायाखाली बोट दाखवलं.

विशाखा सकाळपासून त्याच्यावरूनच चालत होती. गल्लीभर लाल-करडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले, एकाला एक खेटून, मधे मातीचा कणही दिसत नव्हता. दोन्ही बाजूंची सगळी घरं एकाच गुलाबी रंगानं रंगवलेली, तीही चकचकीत तैलरंगानं. तोंडाशी पाटी होती, 'आदर्श गल्ली'.

रामलिंग तिथंच घुटमळत होता. "स्वच्छता स्पर्धेसाठी केलं," तो म्हणाला. "आधी एक गल्ली, मग सगळं गाव. ठोकळे ठोकायचं मशीन आठ दिवस चालू होतं. पहिला नंबर येणार होता बाई, पर त्या म्हातारीनं घात केला. चुन्याच्या भिंतीला रंग लावू देईना. मव्ह्या नवऱ्यानं दर दसऱ्याला लावलेला चुना हाय म्हणली. भर गल्लीत मला बोल बोल बोलली."

"मग तिच्या दारात ठोकळे?"

"न्हाई बसवले. कामून बसवावे?"

विशाखानं वही मिटली आणि गल्लीच्या शेवटच्या घराकडं निघाली. बाया वाटेतून बाजूला झाल्या. पिशवीत ठेवलेलं ते अंडं पुन्हा तिच्या हातात होतं.

४

तुळजाबाईच्या दारात एक पत्र्याचा डबा होता, ज्वारीनं भरलेला. गुरुवारी गिरणीवाल्यानं दळण तसंच परत पाठवलं होतं. तीन दिवस तिनं भाकरी थापली नव्हती. अंगणाला काट्याचं कुंपण होतं, आत पाच कोंबड्या माती उकरत होत्या. घराची भिंत पांढरी होती, चुन्यावर चुना चढून बोटभर जाड झालेली.

"बस माय," तुळजाबाई म्हणाली. "पाणी चालतंय का मव्ह्या घरचं?"

विशाखानं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं आणि भिंतीपाशी उकिडवी बसली. भिंतीचा खालचा वीतभर पट्टा टोचून टोचून खरवडला होता. ती बघत असतानाच एक तांबडी कोंबडी आली, भिंतीला चोच मारली, चुन्याचा कण गिळला आणि निघून गेली. विशाखा तिथंच बसून राहिली. दीड महिन्याचं कोडं एका चोचीत सुटलं होतं, आणि तिला हसावं की रडावं कळेना.

मग ती उठली, आणि उठताना तिला दुसरं काही दिसलं. भिंतीला लागून लुगडं वाळत घालायची दोरी होती. दोरीमागं, तिच्या छातीच्या उंचीवर, चुना पुन्हा खरवडलेला होता. ताज्या, बारीक, शेजारी शेजारी चार रेघा. एवढ्या उंचीवर कोंबडी टोचत नाही.

"मावशी, हे कुणी केलं?"

तुळजाबाईनं भिंतीकडं बघितलंच नाही. "कुणाला ठाव. म्हातारी भिंत हाय, पडती."

"नखांच्या खुणा आहेत. आणि तुमचं हिरवं लुगडं याच दोरीवर असतं. चिंधी इथूनच फाडली."

"मी जाते देगलूरला," तुळजाबाई एकदम म्हणाली. "बहीण हाय, भाचे हायेत. तू नाहक ताण नको घेऊस. मव्हं काय राहिलंय आता, दोन-चार वर्सं."

काही न केलेली बाई घर सोडायला एवढ्या लगबगीनं तयार होते, याचा अर्थ विशाखाला लागेना. म्हातारी कुणाला तरी पाठीशी घालत होती, एवढं मात्र दिसत होतं. विशाखानं कळशीतलं पाणी घेऊन अंड्यावरचं कुंकू धुतलं. कुंकवाखाली कोळशाची एक रेघ निघाली.

घराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, तिनं मोबाइलचा टॉर्च लावून अंडं त्याच्यावर धरलं. आत तांबड्या शिरांचं विस्कटलेलं जाळं दिसलं, आणि मधे नखाएवढा काळा ठिपका. तो हलत नव्हता. आठ दिवस उबवलेलं अंडं होतं ते.

"तुमच्याकडं खुडूक बसली आहे का मावशी?"

"न्हाई. पाचीच्या पाची अंडी द्यायल्यात."

या गल्लीत खुडूक एकाच घरी होती. तिथं जोडीनं अंडी बसवत नाहीत, आणि तरी टोपलीत सहा-सहाच्या दोन ओळी होत्या. तेरावं अंडं विशाखाच्या हातात होतं.

५

साखराबाईनं ते काढलं नव्हतं, हे उघड होतं. बसवलेल्या टोपलीतलं अंडं काढणं हे तिच्या लेखी पाप, आणि ज्या बाईला करणीची एवढी दहशत ती आपल्याच उंबऱ्यावर ती मांडणार नाही. व्यंकटी लातूरला होता. उरलं एक माणूस. आणि बाईमाणूस भिंतीचा चुना नखानं काढून कधी खातं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

दुपारी गल्ली रानात गेली होती. वर्षाराणी परसात भांडी घासत होती. विशाखा तिच्यासमोर बसली आणि ओल्या दगडावर अंडं ठेवलं.

"कितवा महिना?"

वर्षाराणीचा हात राखेत तसाच राहिला. ती म्हणाली, "तिसरा. कुणालाच म्हाईत न्हाई. ह्यांनाबी न्हाई."

"माती-चुना खायची वासना होते?"

"लई. आमच्या भिंतीला तो रंग दिला, काय निघतंय त्यातून. दुपारी कुणी नसलं की मावशीकडं जायचे. एकदा त्यांनी बगितलं. काय बोलल्या न्हाईत. दुसऱ्या दिशी दोरीखाली पिढं ठेवलं होतं, मी बसावं म्हणून."

एवढं सांगून ती रडायला लागली. विशाखानं तिला रडू दिलं.

"आत्याबाई रोज ती पिचकी अंडी मव्ह्यापुढं धरायच्या. तुझ्यासारखीच हायेत म्हणायच्या. होळीनंतर म्हायेरी सोडणार होत्या. हे तिसरं हाय बाई. परत गेले आन् तिथं काय झालं तर मला कोण ठेवून घेतंय? म्हणून मी... कुणावर तरी जावं एवढंच वाटलं. मावशीला हाकलतील असं न्हाई वाटलं मला."

"हे अंडं टोपलीतलं आहे."

"रिकामं असंल म्हणून घेतलं. हलवून बगितलं होतं." तिनं डोळे पुसले. "त्यात जीव होता का?"

विशाखाला खोटं बोलता आलं असतं. "होता," ती म्हणाली.

वर्षाराणीनं अंड्यावर राखेचा हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. विशाखा म्हणाली, "मी उद्या कुणाचं नाव घेणार नाही. भिंतीपुरतंच बोलणार. पण तू उद्यापरवा माणसांच्या सरकारी दवाखान्यात जायचं. तिथं चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या फुकट मिळतात, आणि तपासणी होते."

जाताना तिला वाटलं, आपण अर्धंच कोडं सोडवतोय. अर्धं झाकून ठेवतोय. त्यातलं बरोबर काय, हे तिला तेव्हाही ठरवता आलं नाही.

६

रविवारी बैठक पारावर भरली, पण विशाखानं ती तुळजाबाईच्या अंगणात आणली. "बोलण्याआधी एक दाखवते," ती म्हणाली. "प्रत्येक घरानं आपली एक कोंबडी आणावी."

कुरकुरत सहा कोंबड्या आल्या. विशाखानं काट्याचं फाटक उघडलं आणि त्या आत सोडल्या. त्या क्षणभर गोंधळल्या. मग साखराबाईची काळी कोंबडी पळत सुटली ती थेट भिंतीला भिडली, आणि तिच्यामागं बाकीच्या. सगळ्याजणी चुन्यावर अशा तुटून पडल्या की तुळजाबाईच्या कोंबड्या बाजूला झाल्या. टकटक आवाज सगळं गाव ऐकत होतं.

"अंड्याचं कवच चुन्याचं असतं," विशाखा म्हणाली. "तुमच्या कोंबड्या आजवर तुमच्याच भिंतींचा चुना खात होत्या, गल्लीतले खडे, शिंपल्यांचे तुकडे खात होत्या. भिंतीवर तैलरंग चढला, मातीवर ठोकळे बसले. मशीन चाललं तेवढे आठ-दहा दिवस कोंबड्या भेदरल्या, म्हणून अंडी वेडीवाकडी आली. मशीन गेलं तसं ते थांबलं. मग अंगातला चुना सरत गेला, तसं कवच पातळ झालं आणि शेवटी गेलंच. दुसऱ्या गल्लीत रंग नाही, तिथं काही झालं नाही. मावशींनी रंग लावू दिला नाही, त्यांच्या कोंबड्या बऱ्या राहिल्या. ही करणी असेल तर ती आदर्श गल्लीनं केली."

रामलिंगचं तोंड उतरलं होतं, पण गडी हटणारा नव्हता. "ते कोंबड्यांचं झालं. मग उंबऱ्यावर अंडं कुणी ठेवलं? ते तर आपल्या पायानं आलं न्हाई."

विशाखानं वर्षाराणीकडं नजर जाऊ दिली नाही.

"मी ठेवलं," तुळजाबाई म्हणाली. "मव्हीच चिंधी होती. रागात ठेवलं. झालं समाधान?"

"मावशी, नका," विशाखा बोलून गेली. तेवढ्यात बायांच्या मागून आवाज आला, बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"त्यांनी न्हाई. मी ठेवलं."

वर्षाराणी पुढं आली. उभ्या गावासमोर तिनं सगळं सांगितलं, टोपलीतलं अंडं, दोरीवरची चिंधी, आणि तिसरा महिना. सांगताना ती एकदाच थांबली, साखराबाईकडं बघून. "आत्याबाई, मला भ्या वाटलं हो तुमचं," ती म्हणाली.

साखराबाईचा हात वर गेला. सगळ्यांना वाटलं आता मारते. तो हात तिनं स्वतःच्याच तोंडावर ठेवला आणि ती मटकन खाली बसली. सुनेला आपली एवढी भीती वाटते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तेही गावासमोर.

विशाखानं दाखला लिहून रामलिंगच्या हातात दिला. रोग नाही, चुन्याची कमतरता, असं त्यावर होतं. त्यानं तो वाचला, घडी घातली, आणि माणसं पांगवायला निघून गेला.

अंगणात चौघीच उरल्या. वर्षाराणीनं भिंतीखाली खुरप्यानं बोटभर खड्डा केला आणि ते अंडं त्यात ठेवून माती लोटली.

"मी जाणार न्हाई देगलूरला," तुळजाबाई साखराबाईला म्हणाली. "पर एक सांगते. चाळीस वर्सं आपण एका हापश्यावर पाणी भरलं. मव्हं दळण परत आलं तवा तू ओट्यावर उभी होतीस. बगत होतीस. ते मी इसरणार न्हाई."

साखराबाई उठली, पदर खोचला, चुंबळ केली आणि दारातला ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला. फाटकापर्यंत गेली. गिरणीकडचा रस्ता गल्लीच्या मधून, सगळ्यांच्या दारांवरून जात होता.

"साखरे," तुळजाबाईनं मागून हाक मारली. साखराबाई थांबली, वळली मात्र नाही.

"बारीक दळायला सांग," तुळजाबाई म्हणाली. "पोटुशीला भाकरी मऊ लागती."